बाईच्या बोलण्याला संदेश म्हणू नये

मागच्या महिन्यात आमच्या चर्चच्या महिला मंडळाच्या मेळाव्यात मला बोलायला बोलावलं होतं. विषय त्यांनीच दिला: बायबलमधली दबोरा. आठवडाभर रात्री जागून तयारी केली. कार्यक्रमाची पत्रिका हातात पडली, तर माझ्या नावासमोर छापलेल्या 'संदेश', म्हणजे प्रवचन, या शब्दावर कागदाची पांढरी पट्टी चिकटवलेली, आणि पट्टीवर पेनाने लिहिलेलं: 'मनोगत'. दीडशे पत्रिका होत्या. म्हणजे कुणीतरी दीडशे पट्ट्या कापल्या, दीडशे वेळा डिंक लावला, दीडशे वेळा 'मनोगत' लिहिलं. (बसवलं कुणाला, तर महिला मंडळालाच.) पत्रिका उजेडाकडे धरली की खालचा 'संदेश' स्वच्छ वाचता येत होता.

आमच्या पुलपिटाला, म्हणजे प्रवचनाच्या चौथऱ्याला, तीन पायऱ्या आहेत. त्या चढायच्या नाहीत हे मला आधी प्रेमाने सांगण्यात आलं. खाली, स्पीकरच्या वायरींशेजारी, गायनपथकाचा पत्र्याचा स्टँड मांडला होता. त्याचा स्क्रू गेलेला. त्याच्यावर कागद ठेवले की तो मान टाकायचा. एका हाताने स्टँड सावरत आणि दुसऱ्या हातात माईक धरून मी अख्ख्या इस्राएलाचा न्यायनिवाडा करणाऱ्या बाईबद्दल बोलले. मग पाळकसाहेब तीन पायऱ्या चढून वर गेले आणि मी काय म्हणाले ते त्यांनी वीस मिनिटं समजावून सांगितलं. त्याला संदेश म्हणतात.

रात्री कॉलेजातल्या जुन्या मैत्रिणीला फोन केला. मी स्टँडचं सांगत होते. तिने स्टँड ऐकलाच नाही. "अगं, तो धर्मच पुरुषांनी पुरुषांसाठी लिहिलाय. तुझ्यासारखी शिकलेली बाई अजून तिथे काय करतेय? पड बाहेर, मोकळी हो!"

एकाच दिवसात दोन्हीकडून मार्गदर्शन लाभल्यामुळे या विद्येत माझा हात आता बराच बसला आहे. ख्रिस्ती बाईला तिची जागा दाखवून देण्याची हौस तुम्हालाही असेल, मग तुम्ही चर्चच्या आतले असा की बाहेरचे, तर पुढच्या सूचना उपयोगी पडतील.

पहिली गोष्ट, बायबलचं वचन नेहमी एकटं गाठावं. आजूबाजूला सोबत असली की वचन ऐकत नाही. उदाहरणार्थ इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय. तिथे बाविसावं वचन घ्यावं, बायकांनो नवऱ्यांच्या अधीन असा. एकविसाव्याकडे बघूसुद्धा नये, कारण तिथे सगळ्यांनी एकमेकांच्या अधीन असावं असं काहीतरी गैरसोयीचं लिहिलंय. मूळ पत्राची ग्रीक भाषा शिकलेला कुणी आगाऊ माणूस सभेत असेल तर त्याला मागच्या बाकावर बसवा. नाहीतर तो उठून सांगेल की अगदी जुन्या हस्तलिखितांत बाविसाव्या वचनाला स्वतःचं क्रियापदच नाही, 'अधीन असणं' ते एकविसाव्याकडून उसनं घेतं. आणि पंचविसाव्याच्या आत वाचन थांबवायचं हे लक्षात ठेवा. तिथून पुढे नवऱ्यांची पाळी सुरू होते, आणि बायकांच्या तीन वचनांसमोर त्यांना त्याच्या दुपटीहून जास्त वचनं आहेत. ख्रिस्ताने मंडळीसाठी, म्हणजे चर्चसाठी, स्वतःला दिलं तसं तुम्ही बायकोसाठी स्वतःला द्या म्हणे. एवढं कुणाला जमतं! तेव्हा लग्नविधीत बाविसावं वचन सावकाश, नवरीकडे बघत म्हणावं आणि पंचविसाव्याला घड्याळ बघावं.

तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचंही तेच. दुसऱ्या अध्यायाचं बारावं वचन, स्त्रीने शिकवू नये, हे फ्रेम करून लावण्याजोगं आहे. नववं मात्र नको. त्यात सोनं, मोती आणि उंची कपड्यांविरुद्ध लिहिलंय, आणि तसं वाचायला लागलो तर लग्नातले निम्मे फोटो काढून टाकावे लागतील. आठवं तर नकोच नको. पुरुषांनी राग आणि वादविवाद सोडून हात वर करून प्रार्थना करावी, असं तिथे आहे. कमिटीच्या वार्षिक सभेला एकदा तरी बसलेल्या माणसाला विचारा, हे वचन त्याने शेवटचं कधी ऐकलं?

करिंथकरांस पहिल्या पत्रात अकराव्या अध्यायात बायका सभेत प्रार्थना करतात, संदेश देतात, फक्त डोकं झाका म्हणून हे पत्र लिहिणारा पौल सांगतो. चौदाव्यात त्यांना गप्प बसायला सांगतो. तुम्ही चौदाव्यापासून सुरुवात करा.

'देवासमोर दोघं समान, पण भूमिका वेगळ्या' हे वाक्य पाठ असू द्या. १९८७ साली अमेरिकेत डॅन्व्हर्स इथे काही मंडळींनी या विचाराचं रीतसर निवेदन तयार केलं, तेव्हापासून ते सगळीकडे चालतं. भूमिका कोणी वाटल्या, असं बाईने विचारलं तर प्रार्थनेला सुरुवात करावी.

तिसरं म्हणजे शब्दांवर लक्ष. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात फिबी नावाची बाई आहे. तिला लावलेला शब्द पौल स्वतःलाही लावतो: सेवक. पण आपल्याकडे सेवक म्हणजे ज्याच्या हातात माईक, आणि सेविका म्हणजे जिच्या हातात झाडू. तेवढ्या एका वेलांटीत काम होतं. त्याच अध्यायात युनिया आहे. प्रेषितांमध्ये, म्हणजे ख्रिस्ताच्या पहिल्या दूतांमध्ये, नावाजलेली असं तिच्याबद्दल लिहिलंय आणि चौथ्या शतकातला धर्मोपदेशक क्रिसोस्तोम, जो बायकांचे लाड करण्यासाठी मुळीच प्रसिद्ध नाही, तो तिचं तोंड भरून कौतुक करतो. पुढच्या विद्वानांना प्रश्न पडला, बाई आणि प्रेषित? मग त्यांनी ग्रीक अक्षरांवरचा स्वराघात बदलून तिचा पुरुष केला. विसाव्या शतकात बहुतेक सगळे ज्या छापील ग्रीक आवृत्तीवरून काम करतात, तिच्यात १९२७ पासून १९९८ पर्यंत ती बाप्या होती. पट्टी चिकटवण्याची कला जुनी आहे, आमच्या कमिटीने काही नवं केलं नाही.

अडीनडीला मात्र बाईला पुढे करायला हरकत नाही. फ्लॉरेन्स ली टिम-ओई यांना १९४४ साली अँग्लिकन धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली, कारण युद्धामुळे चीनच्या किनाऱ्यावरच्या मकावमधल्या मंडळीपर्यंत पुरुष धर्मगुरू पोचतच नव्हता. युद्ध संपलं, आणि १९४६ साली वरून दडपण आल्यावर त्यांना परवाना सोडावा लागला. हेच धोरण ठेवा. दूरच्या मुलखात, रोगराईत, दंगलीत, पाळक आजारी असताना, पगार द्यायला पैसे नसताना बाईला पाचारण झालेलं असतं. सगळं सुरळीत झालं की तिची भूमिका वेगळी.

देवाच्या इच्छेबद्दल ठाम बोला. १९९४ च्या मार्चमध्ये चर्च ऑफ इंग्लंडने पहिल्यांदा स्त्रियांना धर्मगुरुपदाची दीक्षा दिली, आणि त्याच वर्षीच्या मेमध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी जाहीर केलं की असं करण्याचा अधिकारच चर्चला नाही, विषय कायमचा संपला. दोन्हीकडे निर्णय प्रार्थना करूनच झाला होता.

आता नीतिसूत्रे, अध्याय एकतीस. याच्यासाठी वेळ काढून बसा.

या अध्यायाशिवाय ख्रिस्ती बाईवर भाषण होत नाही. कुणाचं लग्न, कुणाचा वाढदिवस, कुणाचा दफनविधी, कुठलाही प्रसंग असो, बाईचा विषय निघाला की एकतीस काढतात. मी लहानपणापासून तो इतक्यांदा ऐकलाय की कोण कुठल्या वचनाला आवाज चढवणार हे मला आधी कळतं. 'रात्र सरली नाही तोच ती उठते' इथे आवाज चढतो. 'तिचा दिवा रात्री मालवत नाही' इथे परत चढतो. म्हणजे ही बाई झोपते कधी, असं मी सातव्या-आठव्या वर्षी रविवारच्या शाळेत विचारलं होतं तेव्हा सगळे हसले. अजून उत्तर मिळालेलं नाही.

आणि मधली वचनं? ती शेताची पाहणी करून ते विकत घेते. ती! नवऱ्याला विचारल्याचा उल्लेख नाही. स्वतःच्या कमाईतून द्राक्षमळा लावते. तागाची वस्त्रं करून विकते, व्यापाऱ्यांना माल पुरवते, आपला धंदा किफायतीचा आहे हे तिला पक्कं ठाऊक असतं. ती तोंड उघडते तेव्हा शहाणपणाचं बोलते, आणि त्या बोलण्याला कुणी मनोगत म्हटल्याची नोंद हिब्रूत नाही. नवरा काय करतो? वेशीत वडीलजनांबरोबर बसतो. बस्स. बाविसाच्या बावीस वचनांत, हिब्रूच्या एकेका अक्षराने सुरू होणाऱ्या बावीस वचनांत, नवऱ्याच्या वाट्याला एवढंच काम आहे की वेशीत बसायचं आणि बायकोची तारीफ करायची. आमच्याकडे वेशीत बसण्याचा भाग तंतोतंत पाळला जातो.

'सद्गुणी स्त्री' हा शब्द घ्या. मूळ हिब्रूत तिथे 'खायिल' आहे: बळ, पराक्रम. सैन्यालासुद्धा तोच शब्द. इस्राएलाच्या गिदोन नावाच्या योद्ध्याला देवदूत हाक मारतो तिथे तोच आहे आणि भाषांतरात गिदोन वीर होतो. तोच शब्द बाईला लागला की सद्गुणी! म्हणजे पहाटे उठणारी, हळू बोलणारी, स्टँड मोडका असला तरी तक्रार न करणारी.

आणि पहिलं वचन कधीच कुणी का वाचत नाही? अध्यायाच्या कपाळावर लिहिलंय: लमुएल राजाची वचनं, जी त्याला त्याच्या आईने शिकवली. आईने! राजाला! एक बाई राज्य कसं करावं हे राजाला शिकवतेय, ते शास्त्रात छापलं गेलंय, हजारो वर्षं पुरुष ते पाठ करतायत, आणि त्याच शिकवणीचा हवाला देऊन बाईने पुरुषांना शिकवू नये असं मला सांगितलं जातं! ती आई आज आमच्या हॉलमध्ये आली असती तर तिलाही स्पीकरशेजारचा स्टँड मिळाला असता, आणि लमुएलाने वर जाऊन वीस मिनिटं आईचं म्हणणं समजावलं असतं.

असो. सूचना चालू होत्या.

आता बाहेरच्या मार्गदर्शकांकडे वळू, नाहीतर त्यांना वाटायचं आपल्याला वगळलं. तुम्ही ख्रिस्ती बाईला भेटलात की तिला काही वाचू-विचारू नका, थेट सोडवायला लागा. एकतिसावा अध्याय म्हणजे गुलामगिरीची जाहिरात, असं माझ्या मैत्रिणीने मला सांगितलं. वाचलाय का, विचारलं. "असलं मी वाचत नाही." आमचे पाळकसाहेब स्त्रीवाद्यांचं लेखन याच कारणासाठी वाचत नाहीत. या दोघांची ओळख करून द्यावी असं मला फार दिवसांपासून वाटतंय.

बायकांच्या हक्कांची पहिली परिषद १८४८ साली अमेरिकेत सेनेका फॉल्सला एका वेस्लेयन चर्चच्या इमारतीत भरली होती, हे बोलू नका. त्याआधी दहा वर्षं सारा ग्रिम्के ही अमेरिकन लेखिका शास्त्रवचनांवर बोट ठेवून समानतेचा वाद घालत होती, हेही नको. १८९३ मध्ये न्यूझीलंडच्या बायकांना मताचा हक्क मिळाला तो मिळवून देणाऱ्या केट शेपर्ड दारूबंदीवाल्या ख्रिस्ती महिला संघातल्या होत्या, हे तर अजिबात नको. अमेरिकेतल्या मताधिकार चळवळीच्या पुढारी एलिझाबेथ कॅडी स्टँटन यांचं घ्या. त्यांनी १८९५ मध्ये बायबलवर सडकून टीका छापली, ते चालेल. पण दुसऱ्याच वर्षी त्यांच्याच मताधिकार संघटनेने ठराव करून त्या पुस्तकाशी आमचा संबंध नाही म्हणून हात झटकले, एवढं गाळा.

पंडिता रमाबाईंचा फोटो मात्र दोन्ही बाजूंनी भिंतीवर लावावा. चर्चवाल्यांनी खाली 'प्रभूची दासी' लिहावं, स्त्रीवाद्यांनी 'बंडखोर'. फक्त त्यांची पत्रं कुणी उघडू नयेत. १८८३ साली त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनमला संस्कृत शिकवत असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावं अशी गोष्ट निघाली, तर हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. आणि रमाबाई आपल्या गुरू सिस्टर जेराल्डीन यांना लिहून कळवतात की मी मोठ्या कष्टाने एका जोखडातून सुटले आहे, आता माझ्या सदसद्विवेकावर दुसरं जोखड मी घेणार नाही. मी शब्द माझे वापरलेत, आशय त्यांचा. ही बाई ख्रिस्त सोडत नाही आणि बिशपाचं ऐकतही नाही! हिब्रू नि ग्रीक शिकून साध्या बायकांना वाचता यावं म्हणून अख्खं बायबल मराठीत आणते, मरेपर्यंत त्याची प्रुफं तपासते. ती कुठल्या भिंतीवर बसते ते ठरवा. मला तरी त्या दोन्ही फ्रेमा लहान वाटतात.

कितवी सूचना झाली कोण जाणे. पुढची महत्त्वाची आहे: बाई स्वतः काय म्हणते ते विचारू नका. माझी एक मैत्रीण आहे, आमच्याच मंडळीतली. घराचा मस्तक नवरा असं मनापासून मानते. आमचं भांडण होतं, आवाज चढतात, एकदा तर ती उठून गेली. पण ती वाचून, विचार करून तसं मानते, आणि तिचा नवरा खरोखर पंचविसाव्या वचनातला आहे. तिला पाळकसाहेब उदाहरण म्हणून वापरतात आणि माझी कॉलेजवाली मैत्रीण 'ब्रेनवॉश' म्हणते. तिच्याशी बसून वाद घालण्याइतकी किंमत दोघांनीही तिला दिलेली नाही.

त्या मेळाव्यानंतर खुर्च्या उचलायच्या होत्या. पुरुष मंडळी बाहेर उभी होती, वेशीत. आम्ही खुर्च्या एकात एक घालत होतो आणि माझ्या समोरची बाई सगळ्या खुर्च्या उजव्याच हाताने ओढत होती. डाव्या मनगटाला बाहीच्या आत पट्टी. पडले म्हणाली. मी काही बोलले नाही. चार खुर्च्यांनंतर, माझ्याकडे न बघता, ती म्हणाली, "तुमची दबोरा छान होती. पण ती घरी चालत नाही."

वडीलजनांकडे ती मागच्या वर्षी गेली होती. त्यांनी पेत्राच्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय काढून दिला, पहिलं वचन: नवऱ्याला शब्दावाचून, आपल्या वागण्याने जिंकून घ्या. प्रार्थना केली आणि घरी पाठवलं. रात्री मी हे मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, "सोड म्हणावं त्याला. आणि ते चर्चही." बरोबर. सोडून जायचं कुठे, मुलं कुठे, उद्या कुठे, आज रात्री कुठे? "ते बघता येईल गं."

वडीलजनांनो, त्याच अध्यायाचं सातवं वचन तुमच्या बायबलमधून फाटलंय का? नवऱ्यांनी बायकोला मान द्यावा, म्हणजे तुमच्या प्रार्थनांमध्ये अडथळा येणार नाही. प्रार्थना अडतात, असं स्वच्छ लिहिलंय! तुम्ही तिच्या नवऱ्याला बोलावून हे वाचून दाखवलं? त्याला कधी म्हणालात, की बाबा रे, तू हात उगारतोस तोवर देव तुझं ऐकत नाही, तेव्हा प्रभुभोजनाची भाकर मोडायला पुढे येऊ नकोस? नाही. तो पुढच्या बाकावर बसतो, देणगी देतो, शास्त्रवाचन करतो. तीन पायऱ्या चढून करतो! त्या पायऱ्या त्याला चालतात आणि मला चालत नाहीत. कुठल्या वचनात आहे हे, दाखवा मला.

आणि ज्या अध्यायाने तुम्ही आम्हाला आयुष्यभर पहाटे उठवलंत, त्याच एकतिसाव्याच्या आठव्या वचनात ती आई मुलाला सांगते, जो मुका आहे त्याच्यासाठी तोंड उघड. सद्गुणी स्त्रीचा पाढा नंतर येतो, आधी हे. हे बाईला सांगितलेलं नाही, वेशीत बसणाऱ्याला सांगितलंय. तुम्हाला. उघडलंत तोंड?

आणि तू गं. मला बाहेर काढायला निघालेली. तुझ्या गाडीत एक मागची सीट रिकामी असते, ती त्या रात्री तिच्या दारात न्यायची कल्पना तुला सुचली नाही. तुला भाषण सुचलं. मलाही नाही सुचली, हे लिहायला हवं. मी पस्तीस मिनिटं दबोरावर बोलले आणि त्या बाईबरोबर खुर्च्या उचलून घरी आले. तिचा नंबर मी तीन दिवसांनी मिळवला. आता ती माझ्याशी बोलते, थोडं थोडं. पुढचं ती ठरवेल, मी नाही, तू नाही, आणि कमिटी तर नाहीच.

पुढच्या मेळाव्याचा विषय 'मार्था आणि मरीया' ठरलाय म्हणे. या दोघी बहिणींपैकी मरीया येशूच्या पायाशी बसून शिकत होती आणि त्याने तिला उठवलं नाही, एवढं लक्षात असू द्या. पत्रिका छापायला टाकायच्या आधी माझ्या नावासमोर काय हवं ते ठरवा. संदेश छापून मागाहून पट्टी लावायची असेल तर कात्री, कागद, डिंक कपाटात खालच्या कप्प्यात आहे. दीडशे आहेत. यावेळी तुम्ही बसा. आम्ही येणार नाही.